‘किंग क्रिमसन’वर मारलेला कोरडेपणाचा शिक्का

मा. संपादक महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील पाश्चात्त्य रॉक संगीताच्या वाटचालीवरचा लेख आवडीने वाचला. एवढ्या विस्तृत कालखंडाचा आढावा मराठीत घेतला जावा याचा आनंद आहे आणि लेखकाच्या व्यासंगाविषयी आदरही आहे. तथापि, ‘किंग क्रिमसन’ या इंग्लिश समूहाची बोळवण त्या लेखात दोन वाक्यांत झाली आहे. त्यांचे संगीत म्हणजे अवघड मात्रांची बुद्धिनिष्ठ कसरत असून ते ऐकणाऱ्याच्या मनाला भिडत नाही, असा शेरा एका वाक्यात आहे; आणि १९७४ साली समूह विसर्जित झाला तेव्हा हे प्रकरण संपले, असे दुसऱ्या वाक्यात म्हटले आहे. दुसरे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. पहिले मत आहे आणि मत बाळगण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. परंतु हे मत पन्नासहून अधिक वर्षे एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरत आले आहे आणि प्रत्यक्ष संगीत समोर ठेवून ते तपासण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतलेले दिसतात, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

या समूहाविषयीच्या प्रतिक्रिया पहिल्या वर्षापासूनच दोन टोकांच्या होत्या. १९६९ च्या जानेवारीत लंडनच्या फुलहॅम भागातील एका कॅफेच्या तळघरात त्यांचा सराव सुरू झाला. गिटारवर रॉबर्ट फ्रिप, सॅक्सोफोन, बासरी आणि मेलोट्रॉन या पट्ट्यांच्या वाद्यावर इयन मॅक्डॉनल्ड, बेस गिटार व गायनासाठी ग्रेग लेक, ड्रमवर मायकेल जाइल्स, आणि शब्द व प्रकाशयोजना सांभाळणारे पीटर सिनफील्ड. त्याच वर्षी ५ जुलै रोजी हाइड पार्कमध्ये ‘रोलिंग स्टोन्स’च्या विनामूल्य मैफलीत त्यांना वादनाची संधी मिळाली आणि लाखोंच्या समुदायासमोर हा जवळजवळ अनोळखी समूह उभा राहिला. १० ऑक्टोबरला पहिली ध्वनिमुद्रिका आली आणि ब्रिटनच्या विक्रीयादीत पाचव्या स्थानापर्यंत गेली. ‘द हू’ या रॉक समूहाचे पीट टाउनशेंड यांनी तिला विलक्षण श्रेष्ठ कृती म्हटले. अमेरिकेतील समीक्षक रॉबर्ट ख्रिस्टगाउ यांनी मात्र तिला जवळपास नापासाची श्रेणी दिली, तिच्यापुढचे अधिकचे चिन्हही केवळ टाउनशेंड यांना ती आवडते म्हणून जोडल्याचे लिहिले, आणि एकूण प्रकार बनावट असल्याचा निर्वाळा अत्यंत कडवट शब्दांत दिला. दोघांनी ऐकलेले संगीत एकच होते, जेमतेम पाऊण तासाचे. पुढे समूहाचे वादक बदलले, वाद्ये बदलली, शैली तर ओळखू न येण्याइतकी बदलली, तरी प्रतिक्रियांची ही दोन टोके कायम राहिली.

ज्याला कोरडे म्हटले जाते त्या संगीतात ऐकू काय येते, हे आता पाहावे. पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील पहिल्याच गीतात लेक यांचा आवाज मुद्दाम फाटका, यंत्रातून घासून आल्यासारखा केलेला आहे आणि शब्दांत नापामच्या आगीत होरपळणाऱ्या निरपराधांचा स्पष्ट उल्लेख आहे. व्हिएतनाम युद्ध ऐन भरात असताना लिहिले गेलेले हे गीत आहे. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेच्या दौऱ्यात फ्रिप यांनी ते रंगमंचावरून तत्कालीन उपाध्यक्ष स्पायरो अॅग्न्यू यांना उपरोधाने अर्पण केले होते. गीताच्या मधल्या भागात गिटार, सॅक्सोफोन, बेस आणि ड्रम अतिशय जलद गतीने एकच वाक्य वाजवतात, एका क्षणी एकदम थांबतात, संपूर्ण शांतता होते आणि पुन्हा सारे एकाच ठिकाणाहून उसळतात. हे कौशल्याचे काम आहे, यात वाद नाही. पण ऐकताना अंगावर येते ती दहशत, पळणाऱ्या माणसाचा श्वास कोंडल्यासारखी. शब्दांत जी भीती आहे तीच वाद्यांत आहे आणि ती त्या कौशल्याशिवाय उभी राहिली नसती.

‘अवघड मात्रा’ या आक्षेपाबद्दल मराठी वाचकांपुढे थोडे अधिक बोलणे मला आवश्यक वाटते. रॉक संगीताचा बहुतांश डोलारा चार मात्रांच्या चालीवर उभा आहे. त्या सवयीत वाढलेल्या इंग्लिश आणि अमेरिकन समीक्षकाला पाच, सात किंवा तेरा मात्रांचे आवर्तन ऐकू आले की त्याचे बोट आधी मोजदादीकडे जाते आणि मग त्याला ते गणित वाटू लागते. त्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. आपली गोष्ट वेगळी आहे. सात मात्रांचा रूपक आपण भावगीतांत ऐकतो, दहा मात्रांच्या झपतालातील बंदिश ऐकताना डोळे मिटतो, चौदा मात्रांच्या दीपचंदीत ठुमरीची आर्तता अनुभवतो आणि यांपैकी कशालाही आपण कधी गणिती म्हणत नाही. समेवर येण्याचे सुख ज्याच्या कानाला ठाऊक आहे त्याने तेरा मात्रांना बिचकण्याचे कारण नाही. अर्थात, किंग क्रिमसनची आवर्तने म्हणजे आपले ताल नव्हेत. त्यांत ठेका नाही, खाली-भरीचा हिशोब नाही आणि त्यांचा आपल्या परंपरेशी ओढूनताणून संबंध जोडावा असेही मला सुचवायचे नाही. म्हणणे एवढेच आहे की मात्रांची संख्या विषम असणे आणि संगीत भावनाशून्य असणे यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, हे आपल्या श्रोत्यांना कुणी वेगळे शिकवावे लागू नये. दुसऱ्या कानांची अडचण आपल्या वृत्तपत्रात जशीच्या तशी उतरावी, याचे म्हणूनच मला वाईट वाटले.

तेरा मात्रांचा उल्लेख मी हेतुपुरस्सर केला. १९७४ च्या ‘रेड’ या ध्वनिमुद्रिकेचा शेवट ‘स्टारलेस’ या बारा मिनिटांच्या रचनेने होतो आणि किंग क्रिमसनवरच्या कोणत्याही शेऱ्याची परीक्षा त्या बारा मिनिटांपुढे व्हावी, असे माझे ठाम मत आहे. समूहाचे तेव्हाचे बेसवादक व गायक जॉन वेटन यांनी हे गीत आधीच्या ध्वनिमुद्रिकेच्या वेळीच आणले होते, पण तेव्हा सहकाऱ्यांना ते फारसे रुचले नव्हते. आरंभी मेलोट्रॉनच्या सुरांवर गिटारची एक संथ, विषण्ण धून येते. हे मेलोट्रॉन फार नाजूक यंत्र होते: प्रत्येक पट्टीखाली खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रणाची सुमारे आठ सेकंदांची फीत असे, पट्टी दाबली की ती फिरू लागे, आणि फीत संपली की सूरही संपे. त्यामुळे त्याच्या स्वरांत एक किंचित थरथर असते, जी खऱ्या व्हायोलिनच्या ताफ्यात सापडत नाही. त्यावर वेटन यांचा भरदार, थकलेला आवाज आणि त्याच्या मागून वळणे घेत जाणारा सॅक्सोफोन.

गीताचे शब्द संपतात आणि बेस गिटारवर तेरा मात्रांची एक आकृती सुरू होते, जी ड्रमवादक बिल ब्रुफर्ड यांनी सुचवली होती. या आकृतीवर फ्रिप एकच सूर वाजवतात. तोच सूर दोन तारांवर आलटून पालटून, आवर्तनामागून आवर्तने. मग एक पायरी वरचा सूर. मग आणखी वरचा. कितीतरी वेळ याखेरीज गिटार काहीही करत नाही. तालवाद्ये भोवती हळूहळू दाट होत जातात, बेसचा आवाज खरखरीत होतो आणि एखादी गोष्ट घडणार आहे हे कळूनही ती घडत नाही, असा ताण वाढत राहतो. त्या काळातील कोणत्याही नामांकित गिटारवादकाने तिथे बोटांची करामत दाखवली असती. फ्रिप यांनी जवळजवळ सर्व काही नाकारले. अखेरीस तो बांध फुटतो, तीच तेरा मात्रांची चाल दुप्पट वेगाने धावते, सॅक्सोफोन आक्रोशासारखे वाजतात आणि या सगळ्यातून आरंभीची ती संथ धून पुन्हा वर येते. सूर तेच असतात, पण पहिल्यांदा त्यात असलेला विषाद आता शोक झालेला असतो. ही रचना ऐकून ज्याला काही जाणवले नाही, त्याच्याशी माझे भांडण नाही. परंतु तिला कसरत म्हणणाऱ्याने ती शेवटपर्यंत ऐकली असेल यावर विश्वास ठेवणे मला कठीण जाते.

संयमाचाच आणखी एक दाखला द्यावासा वाटतो. २३ नोव्हेंबर १९७३ रोजी अॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाउ सभागृहात या समूहाने केलेल्या उत्स्फूर्त वादनातून ‘ट्रायो’ नावाची सुमारे साडेपाच मिनिटांची रचना जन्माला आली. डेव्हिड क्रॉस यांचे व्हायोलिन, वेटन यांचा बेस आणि फ्रिप यांचे मेलोट्रॉन एवढेच तिच्यात ऐकू येते. ब्रुफर्ड मंचावरच होते. या वादनात आपली भर नको हे त्यांना उमगले आणि दोन्ही काठ्या छातीशी आडव्या धरून ते अखेरपर्यंत स्वस्थ बसून राहिले. ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली तेव्हा त्या रचनेच्या श्रेयात चौघांचीही नावे होती, कारण न वाजवण्याचा तो निर्णयसुद्धा संगीताचाच भाग आहे असे सहकाऱ्यांनी मानले. ही समज त्यांना कोठून मिळाली याचा एक धागा जेमी म्यूर या तालवादकाकडे जातो. साखळ्या, धातूचे पत्रे, करवती असे हाती येईल ते वाजवणारा हा विलक्षण कलावंत या समूहात जेमतेम काही महिने होता आणि १९७३ च्या आरंभी सारे सोडून स्कॉटलंडमधील एका बौद्ध मठात निघून गेला. आपण संगीताच्या सेवेसाठी असतो, संगीत आपल्या सेवेसाठी नसते, हे म्यूर यांच्याकडून आपल्याला कळले, असे ब्रुफर्ड यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे.

आता १९७४ बद्दल. ‘रेड’ बाजारात येण्यापूर्वीच, त्या वर्षीच्या सप्टेंबरात फ्रिप यांनी समूह विसर्जित केल्याचे जाहीर केले. आज अनेकांना या समूहाची सर्वोत्तम वाटणारी ती ध्वनिमुद्रिका ब्रिटनच्या यादीत तेव्हा पंचेचाळिसाव्या स्थानापलीकडे गेली नाही. दोनच वर्षांत पंक संगीताची लाट आली आणि लांबलचक रचना करणारे सगळे समूह कालबाह्य ठरवले गेले. आपल्या लेखकाची मांडणी बहुधा येथूनच आली असावी, कारण इंग्लिश भाषेतील बहुतेक इतिहास ती कथा अशीच सांगतात. अवाढव्य, खर्चिक, जागची न हलणारी वाद्यवृंदांची व्यवस्था मोडीत निघाली पाहिजे, हे फ्रिप स्वतःच आधीपासून बोलत होते, ही बाब त्या कथेतून गळून जाते. १९७७ साली बर्लिनमध्ये डेव्हिड बोवी यांच्या ‘हीरोज’ या गीतासाठी त्यांनी वाजवलेली, एका लांब स्वरावर तरंगत राहणारी गिटार ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या माणसाच्या संगीताला कोरडे म्हणवणार नाही.

आणि १९८१ साली किंग क्रिमसन परत आले. फ्रिप आणि ब्रुफर्ड यांच्या जोडीला दोन अमेरिकन होते: गायक-गिटारवादक एड्रियन बेल्यू, आणि चॅपमन स्टिक हे दहा तारांचे, दोन्ही हातांच्या बोटांनी ठोकून वाजवायचे वाद्य घेऊन आलेले टोनी लेविन. या वेळी नाराजी चाहत्यांकडून आली. मेलोट्रॉन नाही, सॅक्सोफोन नाही, विषण्ण धून नाही; बेल्यू नुकतेच ‘टॉकिंग हेड्स’ या अमेरिकन समूहाबरोबर दौरा करून आले होते, तेव्हा हे त्यांचेच अनुकरण आहे, अशी तक्रार झाली. मला ही प्रतिक्रिया ख्रिस्टगाउ यांच्या प्रतिक्रियेपेक्षाही बोलकी वाटते. ज्या श्रोत्यांनी या समूहावर नवेपणासाठी प्रेम केले होते, त्यांनाच आता नवे नको होते. बारा वर्षांपूर्वीचे धाडस पुन्हा वाजवून मागणे म्हणजे त्या धाडसाचा अर्थच काढून घेणे होय.

त्या वर्षीच्या ‘डिसिप्लिन’ या ध्वनिमुद्रिकेत दोन गिटारी छोट्या आकृत्या सतत वाजवत असतात. मध्येच एकीच्या आकृतीतून एक सूर गळतो आणि ती दुसरीपेक्षा किंचित आखूड होते. त्यामुळे एकत्र निघालेल्या गिटारी हळूहळू एकमेकींपासून सरकतात, त्यांच्यातल्या फटीतून कुणीच न वाजवलेली तिसरी धून ऐकू येऊ लागते, आणि मग त्या पुन्हा एकत्र येतात. इंडोनेशियाच्या गॅमेलान या सामूहिक तालवाद्य-वादनाची प्रेरणा यामागे होती. यात कुणी एकटा पुढे येऊन चमकत नाही. प्रत्येकाने आपली छोटी आकृती प्रामाणिकपणे सांभाळली तरच सर्वांचे मिळून संगीत होते. यात मला चार माणसांनी एकमेकांवर टाकलेला विश्वास ऐकू येतो. २०२४ साली बेल्यू आणि लेविन यांनी गिटारवादक स्टीव्ह वाय आणि ‘टूल’ या समूहाचे ड्रमवादक डॅनी कॅरी यांना सोबत घेऊन याच काळातील रचना पुन्हा मंचावर आणल्या, तेव्हा चाळीस वर्षांपूर्वी नाक मुरडले गेलेले हे संगीत ऐकायला लोक आवर्जून गेले.

त्यानंतरचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९९० च्या दशकात दोन गिटार, दोन बेस वर्गातील वाद्ये आणि दोन ड्रमवादक अशी सहा जणांची मांडणी झाली. २०१४ पासून सात आणि पुढे आठ वादकांचा ताफा झाला, ज्यात तीन ड्रमवादक मंचाच्या पुढच्या बाजूला आणि बाकीचे मागे उंचावर बसत. या मैफलींत वादन चालू असताना छायाचित्रे काढू नयेत, अशी कडक विनंती असे. अखेरीस लेविन स्वतःचा कॅमेरा हाती घेत, तेव्हाच श्रोत्यांना मुभा मिळे. यावरही उद्धटपणाचा आरोप झाला. मला तो नियम श्रोत्याचा सन्मान करणारा वाटतो, कारण त्यात श्रोत्याकडून एकाच गोष्टीची अपेक्षा होती आणि ती म्हणजे ऐकणे. एरवी स्थिर पांढऱ्या प्रकाशात चालणाऱ्या त्या मैफलीत ‘स्टारलेस’च्या तेरा मात्रा चढत जाताना मंच सावकाश लाल होत जाई. ८ डिसेंबर २०२१ रोजी टोकियोत या समूहाची शेवटची मैफल झाली.

टीकेला जागाच नाही, असे माझे म्हणणे नाही. सिनफील्ड यांची शब्दकळा पुष्कळदा अलंकारांच्या ओझ्याने वाकते. पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील ‘मूनचाइल्ड’चे प्रदीर्घ उत्स्फूर्त वादन मला आजही सैल वाटते. आणि सर्वांत गंभीर मुद्दा असा, की सतत स्वतःला मोडून नव्याने घडवणाऱ्या या समूहाची किंमत त्यातील माणसांनी मोजली. मॅक्डॉनल्ड आणि जाइल्स यांनी पहिल्याच वर्षाच्या अखेरीस समूह सोडला होता. २०२२ साली प्रदर्शित झालेल्या समूहावरील माहितीपटात वयोवृद्ध मॅक्डॉनल्ड त्या निर्णयाबद्दल खंत व्यक्त करताना दिसतात आणि फ्रिप यांच्याबरोबर काम करण्यातील काच इतरांच्याही बोलण्यातून जाणवतो. यावर कोणी कठोर लिहिले तर ते मी आदराने वाचेन, कारण ते काहीतरी पाहून, ऐकून लिहिलेले असेल. ‘बुद्धिनिष्ठ कसरत’ हा शेरा लिहायला मात्र एकही रचना ऐकावी लागत नाही, आणि माझा आक्षेप त्यावर आहे.

आपणास दोन विनंत्या आहेत. समूहाचे कार्य १९७४ मध्ये संपल्याचे विधान पुढील अंकात दुरुस्त करावे. मधल्या खंडांसह ते २०२१ पर्यंत चालू होते. आणि जागेची अडचण नसल्यास, त्याच लेखकाला ‘स्टारलेस’ या एकाच रचनेवर, तिच्यात काय ऐकू येते एवढ्यापुरता, स्वतंत्र लेख लिहिण्याची विनंती करावी. त्यांचे मत त्यानंतरही प्रतिकूल राहिले तरी मी तो लेख मनापासून वाचेन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक